फडात बाळ झोपतं कुठं?

(राहू, ता. दौंड, जि. पुणे येथे ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी बचत गटांच्या बायका, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि गुऱ्हाळांवरच्या मजूर बायका यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय तुमच्यापैकी काहीजणींना फार लहान वाटेल. बाळाला झोपवायचं कसं हे बाहेरून आलेल्या बाईनं आम्हाला काय सांगायचं, असंही मनात येईल. तुमच्यातल्या बहुतेकींनी दोन-चार पोरं तरी मांडीवर थोपटून झोपवली आहेत. म्हणून मी झोपवायचं कसं इथून सुरुवात करणार नाही. मी तीन प्रश्न विचारणार आहे. बाळ झोपतं कुठं? ते झोपलेलं असताना त्याच्याजवळ कोण असतं? आणि त्या माणसाला तिथे बसण्याचा मोबदला कोण देतं?

आपलं राहू बेट म्हणजे मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांमधला पट्टा. पाणी आहे म्हणून ऊस आहे, ऊस आहे म्हणून कारखान्याच्या टोळ्या येतात आणि गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, नगरकडून, मराठवाड्यातून जोडपी येतात. कारखान्याच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबंही आहेत. या सगळ्यांच्या बरोबर त्यांची तान्ही मुलं येतात. ती कुणाच्या वहीत नसतात.

ऊसतोडीला आलेली बाई रात्री तीन-साडेतीनला उठते. भाकरी थापते, पाणी भरते, आणि उजाडायच्या आत बाळाला घेऊन फडात जाते. बाळाची जागा बांधावर, एखाद्या झाडाला बांधलेल्या झोळीत. झाड नसेल तर गाडीच्या सावलीला पाचटावर लुगडं अंथरून. आई सरीतून पुढे सरकत जाते, तसं बाळ मागे पडत जातं. त्याच्याजवळ कोण? सहा-सात वर्षांची बहीण. म्हणजे ज्या मुलीनं शाळेत असायला हवं, ती बाळाच्या झोपेची राखण करते, आणि काही वाईट घडलं तर आयुष्यभर त्याचा बोल तिच्या माथी येतो.

वाईट काय घडू शकतं हे या भागात सांगायला नको. उभ्या उसात बिबट्या राहतो. २०२५ च्या एप्रिलअखेर इथूनच जवळ दहिटण्याच्या शिवारात, उघड्यावर मुक्कामाला असलेल्या मेंढपाळ कुटुंबाचं एक वर्षही न झालेलं बाळ बिबट्यानं नेलं. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लहान मुलांचे जीव गेले. मग पिंजरे लावा, बिबटे मारा, अशी मागणी झाली, रस्ते अडवले गेले. लोकांचा संताप मला समजतो. पण उघड्यावर झोपणाऱ्या बाळाला दार असलेली एक खोली द्या, ही मागणी मला त्या गदारोळात ऐकू आली नाही. बिबट्याची तरी बातमी होते. मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची, पाचटातल्या घोणशीची, जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावणाऱ्या मण्यारीची, गुऱ्हाळावरच्या उकळत्या काहिलीची बातमी होतेच असं नाही.

धुराचंही तसंच. दौंड तालुक्यात काही गुऱ्हाळांवर चिपाडाबरोबर रबर, प्लॅस्टिक, चपलांचे तुकडे जाळले जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. तो धूर आपल्याला घराच्या ओट्यावर बसून नकोसा होतो. चुलवाणापासून वीस पावलांवर झोळीत असलेलं बाळ दिवसभर तोच श्वास घेतं.

अशा वेळी आपण आईला बोलतो. ‘एवढं लहान लेकरू घेऊन कशाला आली?’ असं म्हणणाऱ्या बायका मी याच गावात ऐकल्या आहेत. ती कशाला आली? उचल घेतली आहे म्हणून आली. एक दिवस पडून राहिली तर मुकादम खाडा लावतो. मजुरी टनावर असते, म्हणून बाळाला पाजायला अर्धा तास बसली तर तेवढा ऊस कमी तुटतो. तिची माया कमी नाही. तिच्या मायेला बसायला जागा नाही आणि वेळ नाही.

ही गोष्ट आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये हजारो बायका काम करत होत्या. त्यांत आपल्या देशावरच्या आणि कोकणातल्या बायका पुष्कळ. सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात असं आहे की या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जात होती. ‘बाळागोळी’ म्हणून ती बाजारात मिळायची. सकाळी गोळी चाटवली की बाळ दिवसभर पडून राही आणि आई पाळीवर जाई. अफूनं बाळाची भूक मरते, श्वास मंदावतो, कधी थांबतो. त्या आया अडाणी होत्या असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. पाळी दहा तासांची होती आणि बाळाजवळ बसायला माणूस नव्हतं, म्हणून अफू होती.

अफू गेली, पण बाळाला गुंगी आणण्याची गरज गेली का? आज खोकल्याच्या औषधाचं टोपण तेच काम करतं. ‘दोन थेंब दिले की गप झोपतं’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात विषारी भेसळ असलेल्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधं देऊ नयेत. भेसळ नसली तरी देऊ नयेत, हे लक्षात ठेवा. आणि आईला हे सांगताना, औषध बंद केल्यावर बाळाला कोण बघणार याचं उत्तरही आपल्याजवळ हवं.

आता झोपेबद्दल डॉक्टरी शास्त्र काय म्हणतं ते सांगते. मोठी पुस्तकं वेगळी खोली, पाळणा, गादी, पडदे असं वर्णन करतात. ते आपल्या कामाचं नाही म्हणून मूळ गोष्टच टाकून देऊ नका, कारण तिला पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, बाळ उताणं झोपवायचं. पालथं नको, कुशीवर नको. उताणं झोपलेलं बाळ ओकलं तर ते घशात अडकेल अशी भीती आजीला वाटते. प्रत्यक्षात उताणं असताना श्वासाची नळी वर आणि अन्नाची नळी खाली असते, त्यामुळे ती भीती पालथ्या बाळाला जास्त आहे. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पालथं झोपवू नका असा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम चालवली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. पोटावर ठेवायचं ते बाळ जागं असताना, समोर बसून.

दुसरी, अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. मूठ दाबली तर खोल रुतता कामा नये. चार पदरी घट्ट शिवलेली गोधडी मऊ गादीपेक्षा चांगली. उशी नको. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. बाळाभोवती सैल पांघरुणं, लुगड्याचे बोळे, प्लॅस्टिकची पिशवी काही नको. थंडीत अंगात कपडे घाला, कुंची घाला, पण तोंडावरून दुपटं ओढू नका. गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपवताना काढून ठेवा.

तिसरी, झोळी. झोळीनं बाळ शांत होतं, यात शंका नाही. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, कापड तोंडाभोवती मिटतं. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला मान सावरता येत नाही. म्हणून रडतं बाळ निवण्यापुरती झोळी, तीही आडवी काठी घालून, तोंड उघडं ठेवून आणि माणूस जवळ असताना. डोळा लागला की सपाट जागेवर.

चौथी, धूर. बिडी, चूल, मच्छरची अगरबत्ती, अंघोळीनंतरची धुरी हे सगळं बाळाच्या खोलीबाहेर. बंद कोपीत शेगडी ठेवून झोपणं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. त्या हवेतला विषारी वायू वासानं कळत नाही. डासांसाठी मच्छरदाणी, चारी बाजूंनी खोचलेली.

पाचवी, बाळ कुणाशेजारी झोपतं. आईजवळ झोपणं, अंगावर पिणं हे बाळाच्या हिताचंच आहे. पण दारू प्यालेल्या माणसाच्या अंथरुणात बाळ नको. नशेत अंग टाकलेल्या माणसाला आपल्याखाली काय आलं ते समजत नाही. ही गोष्ट आपण घराघरांत मोठ्यानं बोलली पाहिजे. बापाला लाज वाटेल म्हणून गप्प बसू नका. बाळ दिवसाआधी जन्मलेलं असेल, वजनानं कमी असेल, आई गरोदरपणात मशेरी लावत असेल किंवा घरात बिडी असेल तर जास्तच जपायचं.

पुष्कळ गरीब घरांत वेगळा पाळणा नसतोच, हे दुसऱ्या देशांनीही ओळखलं. फिनलंडमध्ये १९३८ सालापासून गरीब आयांना सरकारकडून बाळाच्या कपड्यांची पेटी मिळू लागली, १९४९ पासून ती सगळ्याच आयांना मिळाली. ती पुठ्ठ्याची पेटीच बाळाचं पहिलं अंथरूण होत असे, आणि ती मिळण्यासाठी आईनं गरोदरपणात वेळेवर तपासणीला यावं ही अट होती. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजात पात्यांची विणलेली परडी वापरात आणली गेली. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची, म्हणजे बाळ आईजवळही राहतं आणि त्याची जागाही वेगळी राहते. बांबूची पसरट, सपाट बुडाची परडी विणणारे हात आपल्याकडेही आहेत.

पण परडी झाली म्हणून फडातलं बाळ सुरक्षित होत नाही. तिथे लागतं पाळणाघर. आणि पाळणाघराबद्दल कायदा काय सांगतो ते ऐका.

१९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. आधी पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे, १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून जास्त असतील तिथे. तीसहून जास्त बायका झाल्या की पाळणाघर द्यावं लागतं, म्हणून बायका घ्यायच्याच तीस, असा हिशेब मालकांनी करू नये म्हणून चळवळीनं मागणी केली की स्त्री-पुरुष सगळे कामगार मोजा. मूल काही एकट्या आईचं नसतं. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात ते आलं. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही पन्नासचाच आकडा आहे.

आता राहूच्या गुऱ्हाळावर या. गुळव्या, चुलवाण्या, चरकावरचे, चिपाड वाळवणाऱ्या बाया धरून माणसं किती? दहा, पंधरा, फार तर वीस. फडात टोळी असते ती मुकादमाची म्हणतात, कारखाना म्हणतो आमचे कामगार नाहीत, शेतकरी म्हणतो मी तर ऊस कारखान्याला दिला. पन्नासचा आकडा इथे कधी भरतच नाही.

सरकारी योजनेचं काय? केंद्राच्या पाळणाघर योजनेत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं घेतात, आणि पाळणाघर दिवसाला साडेसात तास चालवायचं असं तिच्यात धरलेलं होतं. २०२२ पासून ती ‘पाळणा’ नावानं चालते आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. योजना चांगली आहे, तिचा अर्ज आपण करायचाच आहे. पण ऊसतोडीच्या बाईला बाळंतपणाची रजा नाही, ती दीड-दोन महिन्यांचं बाळ घेऊन फडात येते. ज्या वयात झोपेचा धोका सगळ्यात जास्त, त्या वयाचं बाळ योजनेत बसत नाही. आणि तिचा दिवस पहाटे सुरू होतो, योजनेचा दिवस अंगणवाडी उघडल्यावर.

हे होऊ शकत नाही असं मानू नका. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका अंगणात आणली, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी थोरली बहीण शाळेत बसू शकली. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं. बांधकाम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाईल, म्हणून नाव फिरतं पाळणाघर. १९८१ पासून हे काम पुण्यातही आहे. १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात इला भट्ट यांच्या आयोगानं असंघटित बायकांसाठी पाळणाघराची गरज मांडली. तेव्हापासून इतकी वर्षं झाली. शहराच्या इमारतीपाशी जे जाऊ शकतं ते उसाच्या फडापाशी का जाऊ नये?

राहूसाठी मी काय सुचवते? पक्क्या भिंतींची, दाराला कडी असलेली एक खोली. कोप्यांच्या तळापासून पायी पाच मिनिटांच्या आत, म्हणजे आई पाजायला येऊ शकेल. गुऱ्हाळाच्या धुराच्या वाऱ्याखाली नको, रस्त्याला आणि विहिरीला लागून नको. खिडक्यांना जाळी. जमिनीपासून उंच, सपाट फळीचे पाळणे, गजांमधली फट सव्वादोन इंचापेक्षा जास्त नको. प्रत्येक बाळाची गोधडी वेगळी, तिच्यावर नावाचा टाका. हात धुवायला पाणी आणि साबण. एका वहीत रोज लिहायचं, बाळ कधी आलं, कधी प्यालं, कधी झोपलं, ताप आहे का. झोपलेल्या बाळाजवळ कुणी ना कुणी जागं असलंच पाहिजे. एका बाईकडे वर्षाच्या आतली तीन-चारच बाळं, जास्त नकोत. खोली पहाटे साडेचारला उघडली पाहिजे, म्हणजे दोन पाळ्या आल्या, म्हणजे निदान चार बाया आल्या.

इथे माझा आग्रह आहे. या चार बायांना मानधन नको, मजुरी हवी. मूल सांभाळणं हा बायकांचा स्वभावच आहे, त्याला पैसे कसले, असं म्हणून अंगणवाडी आणि आशाताईंना आपण ‘सेविका’ आणि ‘स्वयंसेविका’ करून ठेवलं. तीच चूक पाळणाघरात करायची नाही. गरीब बाईच्या बाळासाठी दुसऱ्या गरीब बाईनं फुकट राबावं, हा काही न्याय नव्हे.

तुमच्या मनातला एक प्रश्न मला दिसतो आहे. आमच्या गावच्या खोलीत, आमच्या पैशानं, बाहेरच्यांची मुलं का सांभाळायची? इथे दोन्ही बाजूंच्या बायका बसल्या आहेत, म्हणून उघडच बोलते. ऊस कुणाचा? तुमचा. तो वेळेत तुटला नाही तर वजन कुणाचं घटतं? तुमचं. तो तोडणारी बाई चार-पाच महिने या गावात राबते, इथलं पाणी पिते, इथल्या दुकानात किराणा भरते. तिच्या कष्टातून आलेलं बिल तुमच्या घरात येतं, जरी ते तुमच्या नावावर जमा होत नसलं तरी. आणि राहूच्या शेतमजूर बायकांची बाळं कुठे झोपतात? खुरपणीला गेलेल्या बाईचं बाळही बांधावरच असतं. पाळणाघर सगळ्यांचंच होणार आहे.

पैसा कुठून? खोली ग्रामपंचायतीनं द्यावी. मजुरीचा वाटा कारखान्यानं आणि गुऱ्हाळमालकांनी उचलावा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी उसाच्या टनामागे पैसे घेण्याचं ठरलेलं आहे. त्या पैशातून पाळणाघर मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा मी आणला आहे, तो वाचून थांबते.

‘एक, राहू गावच्या हद्दीत ऊसतोड, गुऱ्हाळ आणि शेतमजुरी करणाऱ्या सर्व स्त्रियांच्या मुलांसाठी जन्मापासूनच्या वयाचं पाळणाघर या हंगामात सुरू करावं. दोन, त्यासाठी ग्रामपंचायतीनं पक्की खोली, पाणी आणि वीज द्यावी. तीन, तिथे काम करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतन मिळावं आणि त्याचा खर्च कारखाना, गुऱ्हाळमालक व कल्याण महामंडळ यांच्याकडून मागावा. चार, मुकादमानं आईला बाळ पाजण्यासाठी दिवसातून चार वेळा सोडावं आणि त्यासाठी खाडा लावू नये.’

यावर वाद घाला, शब्द बदला, काही राहिलं असेल तर घाला. ठरावाला सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं लागतात. एक नाव बागायतदार घरातल्या बाईचं असावं आणि एक मजुरी करणाऱ्या बाईचं, असं मला वाटतं. कोण उठतंय?